चंद्रभानचं रक्त

१९३७ साली मी अकोल्याच्या एका दवाखान्यात कंपौंडर होतो आणि तोंडाचा फार सैल होतो. त्या साली अकोट ते अकोला अठ्ठावीस मैलांची शर्यत ठरली. पहिले दोघे प्रांताच्या सामन्यांसाठी नागपूरला जाणार होते. डॉक्टरांनी मला महिनाभर आधी अकोटला पळणाऱ्यांचं रक्त तपासायला पाठवलं. बोटाला सुई टोचायची, थेंब टिपकागदावर घ्यायचा आणि लाल छटांच्या पट्टीशी जुळवून पाहायचा, एवढंच काम. मी ते सिव्हिल सर्जनच्या ऐटीत करायचो.

चंद्रभान माळ्याचा अकोटजवळ भाजीचा मळा होता. वय अठ्ठावीस, नागपूर गाठायला आता एक-दोनच वर्षं हाताशी. त्याचं रक्त शंभरात पंच्याण्णव भरलं. इतकं रक्त अख्ख्या अकोटात कोणाच्या अंगात नाही, असं मी चारचौघांत जाहीर केलं. त्याची आई माणिकबाई तिथेच होती. ती काही हसली नाही.

शर्यतीच्या सकाळी मी पुन्हा सुई टोचली. थेंब फिकट दिसला. सत्तर. पोर आजारी होतं का, असं मी माणिकबाईला विचारलं, तर तिनं कौतुकानं त्याच्या पाठीवरचे वण दाखवले.

"तुमीच सांगतलं ना, याच्या अंगात लय रक्त हाये म्हनून. त्यानं गरमी होते, पाय भारी होतेत. तीनदा तुंबडी लावून वाडगाभर-वाडगाभर काढून टाकलं."

पळणाऱ्याला दम पुरवतं ते रक्तच, हे मी ऐटीच्या भरात सांगायचंच विसरलो होतो. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. तेवढ्यात शिट्टी झाली.

अठरा मैल तो पुढे होता. मग त्याला धाप लागली. अकोल्यात तो पाचवा पोचला.

माणिकबाई शर्यतीमागून निघालेल्या आमच्या लॉरीतून आली होती. ती त्याचे पाय चेपत बसली. गरमी काढली म्हणून पोचला तरी, असं ती मला म्हणाली. चंद्रभाननं मान वर केली.

"डॉक्टरसाहेब, सकाळी रक्त किती भरलं होतं?"

दोन-तीन महिन्यांत रक्त भरून आलं असतं, हे मला ठाऊक होतं. पण खरा आकडा सांगितला असता, तर तिनं काढलेल्या रक्तामुळेच तो हरला, हे त्या माउलीच्या तोंडावर सांगावं लागलं असतं.

"पंच्याण्णव," मी म्हणालो.

"मंग पायच कमी पडले."

पुढच्या वर्षी पुन्हा शर्यत ठरली, तेव्हा त्याचं नाव लिहून घ्यायला मी मळ्यात गेलो. पळणं आपल्या पायांचं काम नाही, असं त्यानं शांतपणे सांगितलं आणि मला पिशवीभर वांगी दिली. शेजारच्या वाफ्यात माणिकबाई मेथी खुडत होती, आणि त्या दिवशीही मी खरं बोललो नाही.