तळघरातली मोरी

"द्वारकाबाई, खरं सांग, मोरीत काय टाकलं?" लालचंदशेठ नाकाला उपरणं लावून तळघराच्या पायरीवर उभे होते.

"काहीच न्हाई टाकलं, शेठ. रोज झाडून राह्यले."

"मंग हा वास काय आभाळातून आला? तुझ्यानं होत नसंल तर सांग. दुसरी बाई बघतो."

या घरात झाडलोट करण्यात द्वारकाबाईची एकोणीस वर्षं गेली होती! महिनाभर गटारीचा हा भपकारा येत होता. शेठनी तळघरातली बियाण्यांची पोती वर हलवली, उंदीर मेला असेल म्हणून सगळे कोपरे तिच्याकडून खरवडून घेतले, पुडेच्या पुडे उदबत्त्या जाळल्या. वास काही हटेना. शेवटी फरशी फोडायला मच्छिंद्र प्लंबरला बोलावलं.

मच्छिंद्रनं जाळी काढली, बॅटरी मारली आणि तो हसलाच. "शेठ, फोडायचं कामच न्हाई. खाली वाकडा पाइप आहे. त्यात पाणी उभं राह्यलं की गटारीचा वास तिथंच अडतो. हा तर बिलकुल वाळून गेलाय. आधी इथं पाणी कोण टाकायचं?"



सुगनबाई टाकायच्या. शेठची बायको. नळ आठव्या दिवशी यायचा, तरी रोज आंघोळीतून एक तांब्या वाचवून, गुडघे धरत त्या खाली उतरायच्या. का, ते कुणी विचारलं नव्हतं. शेठ वरून ओरडायचे, "प्यायला पाणी न्हाई आन् तू मोरीला पाजून राह्यली!" त्या नुसत्या हसायच्या. उन्हाळ्याच्या तोंडाशी त्या गेल्या. पंधरा दिवसांत शेठनीच फर्मावलं होतं : तळघर कोरडंच झाडायचं, पाण्याचा थेंब वाया घालवायचा नाही.

हे सगळं द्वारकाबाईच्या अगदी ओठांवर आलं. 'तुम्हीच सांगितलं होतं,' एवढंच तर म्हणायचं होतं! तिनं शेठच्या तोंडाकडे पाहिलं आणि शब्द गिळून टाकले. वर जाऊन तांब्या भरून आणला, मोरीत ओतला. गुडुप गुडुप आवाज झाला.

"उद्या जल्दी ये," शेठ भिंतीकडे बघत म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ती उजाडताच आली. तांब्या जागेवर नव्हता. तळघराच्या पायऱ्यांवर ओली पावलं उमटली होती. एकेका पायरीवर दोन्ही, थांबत थांबत उतरलेली. खालून गुडुप आवाज आला.

द्वारकाबाईनं झाडू भिंतीला टेकवला आणि शेठ वर येईपर्यंत ती बाहेरच थांबली.