चौदा तारखेचं प्लास्टर

इस्पितळाच्या प्लास्टररूममध्ये एकतीस वर्षं काढलेल्या मामांची एकच ख्याती होती: त्यांनी लिहिलेली तारीख चुकत नाही. डॉक्टरांनी केसपेपरवर आठवडे लिहायचे, मामांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे एक नजर टाकायची आणि प्लास्टर घट्ट झालं की त्यावरच निळ्या पेन्सिलीनं ते कापायची तारीख ठसठशीत लिहायची. कागद हरवतात, माणसं विसरतात, पण हात काही कोणी घरी विसरून येत नाही, असं मामांचं म्हणणं. नवे डॉक्टर सुरुवातीला हसायचे. महिन्याभरात तेही पेशंटला सांगायला लागायचे, "मामांनी काय लिहिलंय ते बघा आणि त्या दिवशी या."

आणि अशा माणसाची तारीख चुकावी, तीही नेमकी कॅप्टनच्या हातावर!

कॅप्टन म्हणजे गावाच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर. संघ एकोणीस वर्षं खालच्या गटात कुजत पडला होता. यंदा कसाबसा प्लेऑफपर्यंत पोचला. एकच मॅच, चौदा तारखेला, शनिवारी दुपारी चार वाजता, आपल्याच मैदानावर. जिंकलो तर वर, हरलो तर पुन्हा तेच चिखलाचं मैदान आणि तेच रिकामे बाक. मामांचं वेड जुनं. स्वतःच्या लग्नात पाहुण्यांच्या गर्दीतून वाट काढत त्यांनी मेहुण्याला पहिला प्रश्न "स्कोअर काय झाला?" असा विचारला होता. मेहुण्याला तो माहीत होता, म्हणून दोघांचं तेव्हापासून जमलं. मैदानाच्या पूर्वेकडच्या पायऱ्यांवर तिसऱ्या ओळीत दोघांच्या जागा ठरलेल्या होत्या. तिथे बसून त्यांनी जेवढे पराभव पाहिले, तेवढे पाहून दुसऱ्या कोणी बुद्धिबळाचा नाद धरला असता.

मागच्या महिन्याच्या नऊ तारखेला सरावात कॅप्टनच्या उजव्या अंगठ्याच्या मुळाचं हाड मोडलं. मामांनी स्वतः प्लास्टर घातलं, पेन्सिल घेतली आणि लिहिलं: चौदा. त्या एका आकड्यानं गावाच्या जिवात जीव आला. चौदाला सकाळी प्लास्टर निघणार, पट्टी बांधून, वरून ग्लोव्ह चढवून कॅप्टन चारला गोलात उभा राहणार! न्हाव्याच्या दुकानात, बसस्टॉपवर, भाजीच्या गाड्यापाशी तेच. मामांच्या तारखेवर शंका घ्यायचं कोणाच्या मनातही आलं नाही. खुद्द मामांच्याही नाही.

तोवर उरलेल्या संघाची वाताहत चालली होती. सेंटर फॉरवर्ड, ज्याला सगळे शिडी म्हणत, त्याच्या मांडीचा स्नायू ताणला. डाव्या बचावपटूचा गुडघा सुजला. मधल्या फळीतल्या एकाच्या भुवईवर सात टाके. एकेक जण मामांच्या टेबलावरून जात होता. मामा पट्ट्या बांधत होते आणि रात्री बायकोला म्हणत होते, "अकरा जणांत आता धडधाकट साडेसहाच उरलेत." बायको म्हणायची, "कॅप्टन आहे ना पण?" आणि मामा म्हणायचे, "कॅप्टन आहे. कॅप्टन आहे म्हणून तर झोप लागते."

चौदा तारीख उजाडली. सकाळी दहाला कॅप्टन प्लास्टररूममध्ये आला, खांद्याला ग्लोव्हजची पिशवी. इस्पितळाच्या फाटकापाशी स्कार्फ गुंडाळलेली तीसेक माणसं उभी होती, त्यात सर्वांत पुढे मेहुणा. मामांनी कटर हातात घेतला, वायर लावली, कॅप्टनचा हात उशीवर ठेवला. तेवढ्यात सिस्टर केसपेपर घेऊन आल्या.

"मामा, हे काय? यावर सहा आठवडे लिहिलंय."

"हो मग? झालेच की."

"कुठे झाले? नऊला घातलं. सहा आठवडे वीस तारखेला होतात."

मामांनी कॅलेंडरकडे पाहिलं. बोट ठेवून शुक्रवार मोजले. पुन्हा मोजले. सहाव्या शुक्रवारच्या आकड्यावर बोट थांबलं: वीस. चौदा कुठून आली? त्यांना लख्ख आठवलं. प्लास्टर घालताना डोक्यात दुसरं काही नव्हतंच. प्लेऑफची तारीख त्याच सकाळी जाहीर झाली होती. हातानं डॉक्टरांचं ऐकलंच नाही, डोक्यात होतं ते उतरवून मोकळा झाला. एकतीस वर्षांची पुण्याई एका आकड्यात गेली.

"सहाच तर दिवस आहेत, मामा," कॅप्टन हळूच म्हणाला.

कटरचं बटण अंगठ्याखाली होतं. कापावं असं मामांना वाटलं का? वाटलं. अगदी पोटातून वाटलं. डॉक्टर ऑपरेशनला उभे होते, दुपारपर्यंत बाहेर येणार नव्हते. सिस्टर तेवढ्या समोर होत्या, आणि त्या म्हणाल्या, "कापायचं असेल तर तुम्ही कापा. पण मी बघितलं नाही, असं मी सांगणार नाही."

मामांनी त्या हाताकडे पाहिलं. कच्चं हाड काय असतं हे त्यांच्याइतकं त्या खोलीत कोणाला माहीत होतं? जोरात आलेला एक बॉल, आणि मग हा हात आयुष्यात कधी बरणीचं झाकणसुद्धा नीट उघडणार नाही. त्यांनी वायर काढली.

"माझी चूक झाली, कॅप्टन. लिहिताना चुकलो. आज कापणार नाही."

मामांनी निळ्या पेन्सिलीनं चौदावर काट मारली आणि खाली वीस लिहिलं. कॅप्टन पिशवी उचलून निघून गेला.

फाटकापाशी बातमी मामांच्या आधी पोचली होती. एकेक जण स्कार्फ सोडून घडी घालत होता. मेहुणा जवळ आला, बुटांकडे बघत म्हणाला, "भावोजी, आज आपण वेगवेगळे बसू या."

चार वाजता मामा मैदानावर गेले. जाऊ नये असं शंभरदा ठरवून गेले. पूर्वेकडच्या पायऱ्या टाळल्या आणि उत्तरेकडच्या गोलामागच्या कठड्यापाशी जाऊन उभे राहिले. तिथे उन्हामुळे कोणी थांबत नसे. गोलात राखीव गोलकीपर होता. त्याला सगळे डबा म्हणत, कारण त्याच्यात बॉल पडला की बाहेर येत नसे. पोरगा तसा गुणी, पण प्रत्येक वेळी उजवीकडेच उडी मारायचा. हे गावाला माहीत होतं, आणि समोरच्या संघाला माहीत नसेल असं मानायला काही कारण नव्हतं.

शिट्टी वाजली. दहाव्या मिनिटाला पाहुण्यांचा बॉल खांबावर आपटला आणि मामांच्या तोंडचं पाणी पळालं. तेवढ्यात शेजारी कोणीतरी येऊन उभं राहिलं. कॅप्टन! साधे कपडे, हात प्लास्टरमध्ये.

"बाकावर बसवत नाही," तो मैदानाकडे बघत म्हणाला. "इथून डब्याला ओरडता तरी येतं." आणि लगेच ओरडला, "दोन पावलं पुढे ये! पुढे!"

डबा पुढे आला आणि पुढचा बॉल त्यानं छातीशी पकडला. मग या दोघांना काही सुचेना. कॅप्टन ओरडायचा, डबा सरकायचा, मामा कठडा धरून उड्या मारायचे. अर्धी मॅच गोलाशिवाय संपली. बाजू बदलल्या, तसे दोघे मैदानाला वळसा घालून डब्याच्या मागे दुसऱ्या टोकाला धावले. मामा साठीला टेकले होते आणि त्यांचा एक बूट सुटला होता, पण ते कॅप्टनच्या आधी पोचले.

बासष्टाव्या मिनिटाला कॉर्नर मिळाला. टाके घातलेल्या पोरानं बॉल उचलला, शिडी लंगडत धावला आणि सगळ्यांच्या डोक्यांवरून आपलं डोकं काढून त्यानं बॉल जाळ्यात मारला. गोल! मैदान हादरलं. कॅप्टननं आनंदानं प्लास्टरचा हात उगारला, आता तो कठड्यावर आपटणार तोच मामांनी तो दोन्ही हातांनी झेलला.

"हात! अरे, हात सांभाळ! सहा दिवस आहेत अजून!"

"सोडा हो मामा!"

"सोडत नाही. मॅच संपेपर्यंत हा माझ्याकडे."

आणि खरंच, त्यांनी तो सोडला नाही. शिडी मांडी धरून खाली बसला तेव्हा बदली खेळाडू सगळे वापरून झाले होते. दहा जण उरले. दहा म्हणजे साडेपाचच, मामांच्या हिशेबानं. सुजलेल्या गुडघ्याचा पोरगा एका पायावर धावत होता. भुवईची पट्टी लाल झाली होती. मामा एकेका पट्टीला ओळखत होते, कारण प्रत्येक त्यांनीच बांधली होती, आणि मनातल्या मनात ते पट्ट्यांनाच सांगत होते, बाबांनो, अजून पंधरा मिनिटं, अजून दहा, अजून पाच.

अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला रेफ्रीनं बोट दाखवलं. पेनल्टी. पाहुण्यांना.

पाहुण्यांचा कॅप्टन बॉल ठेवून मागे गेला. मामांना वाटलं, आता शेजारचा काहीतरी ओरडेल. तो ओरडला नाही. "डबा उजवीकडे पडतो," तो पुटपुटला, "आणि याला ते ठाऊक आहे." प्लास्टरच्या टोकातून बाहेर आलेली त्याची बोटं मामांच्या तळव्यात गार पडली होती. मामांनी डोळे मिटले. हा हात आत्ता तिथे असायला हवा होता, ही एकच गोष्ट त्यांच्या डोक्यात घण घालत होती. गोल झाला तर तो माझा गोल. उरलेलं आयुष्य गाव तो माझ्या नावावर सांगेल.

मग न राहवून त्यांनी डोळे उघडले. पाहुण्यांचा कॅप्टन धावत आला. त्यानं बॉल सरळ मधोमध हाणला, कारण उजवीकडे पडलेल्या गोलकीपरच्या मागे मधली जागा रिकामी असते. पण डबा पडलाच नाही. तो जागच्या जागी खिळून उभा होता. बॉल धाडकन त्याच्या छातीवर बसला, तिथून वर उडाला, आणि डबा त्या बॉलवर असा पालथा पडला की रेफ्रीला त्याला विनवण्या करून उठवावं लागलं.

पुढची मिनिटं कशी गेली हे कोणी विचारू नये. शेवटची शिट्टी झाली तेव्हा मामा रडत होते, कॅप्टन रडत होता आणि दोघं मिळून त्या एका हाताला कवटाळून नाचत होते. मैदान ओलांडून मेहुणा धावत आला. "भावोजी!" एवढंच म्हणाला आणि गळ्यात पडला. "माझ्या शेजारची जागा नव्वद मिनिटं रिकामी ठेवली होती हो. कोणाला बसू दिलं नाही!" खांद्यांवर चढलेल्या डब्याला कोणीतरी विचारलं, उडी का मारली नाहीस? डबा म्हणाला, "मारायचीच विसरलो."

चुकणारा आपण एकटाच नाही, हे ऐकून मामांना केवढं हलकं वाटलं.

वीस तारखेला कॅप्टन आला. प्लास्टरवर अख्ख्या संघाच्या सह्या होत्या, डब्याची सर्वांत मोठी. काट मारलेली चौदा आणि खालची वीस तेवढी सगळ्यांनी मोकळी सोडली होती. मामांनी कटर चालवला, कवच दोन भागांत उघडलं. आत हात पांढराफटक, सुकलेला. एक्स-रे झाला. डॉक्टरांनी तो उजेडात धरला आणि म्हणाले, "मस्त जुळलंय."

मामा हात कोमट पाण्यानं पुसत होते. कॅप्टन खाली मान घालून म्हणाला, "मामा, एक सांगू? मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"काय?"

"केसपेपरवर सहा आठवडे, हातावर चौदा. बाहेर बाकावर बसून मोजलं मी. म्हटलं, गप्प बसावं. तुम्हाला सांगितलं तर खोडाल."

मामांचा हात थांबला. "आणि शनिवारी?"

"शनिवारी वाटलं, कळल्यावरही तुम्ही कापाल. तुमच्याइतका वेडा माणूस या गावात दुसरा नाही. नाही म्हणालात तेव्हा असा राग आला! दुसरीकडे जाऊन कापून घेणार होतो, खरंच. फाटकापर्यंत गेलो. मग मनात आलं, या माणसाला माझ्यापेक्षा जास्त जिंकायचंय, आणि तरी तो नाही म्हणतोय."

अंगठ्याच्या मुळाशी पाणी राहिलं होतं, ते मामांनी पुन्हा एकदा नीट पुसलं. डोळ्यांचं त्यांनी नंतर बघितलं.

डॉक्टर दारातून म्हणाले, "पाच आठवड्यांनी पुन्हा दाखवायला सांगा. मामा, कार्डावर तारीख टाका."

मामांनी सवयीनं निळी पेन्सिल उचलली, कॅलेंडरकडे पाहिलं, कार्डावर टोक टेकवलं. आणि तिथेच थांबले. मग पेन्सिल उलटी करून त्यांनी ती सिस्टरच्या हातात दिली.

"सिस्टर, तारीख तुम्ही लिहा."

"का हो मामा? तुम्ही असताना मी?"

"वरच्या गटातली आपली पहिली मॅच कधी आहे," मामा म्हणाले, "ते मी आज सकाळीच वाचलंय."