सहा महिन्यांनी थोरला

खालच्या गावाची मारिया अँडीजचा उभा चढ चढून वरच्या गावाच्या देवळापाशी आली, तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. उंबऱ्यावर इसाबेल वाट पाहत होती. दोन्ही मूर्ती लाकडाच्या, चौघाचौघांच्या खांद्यांवर, आणि दोघीही गरोदर. दर जुलैत मारिया आपल्या या थोरल्या बहिणीला भेटायला येते. थोरली आधी वाकते, मग धाकटी. त्यानंतर वरचा पाटकरी पाट सोडतो आणि आगाप बटाट्याच्या लावणीला पाणी मिळतं. आधी वरच्या गावाला, मग खालच्या. कारण इसाबेलच्या पोटातला योहान मारियाच्या येशूपेक्षा सहा महिन्यांनी थोरला.

यंदा इसाबेल वाकलीच नाही.

"तुमच्या बाईचं पोट बघा," वरच्या गावचा कारभारी इलारियो म्हणाला. "आमचीला सहावा लागलाय. तुमची तर इथंच उंबऱ्यावर बाळंत होईल."

वरच्या गावच्या बायका हसल्या. खालच्या गावच्या निकानोरानं मान वर करून मूर्तीकडे पाहिलं. मारियाला नेसवण्याचं काम तिच्याकडे सासूकडून आलं होतं. जुन्या भरणाला कसर लागली म्हणून यंदा तिनं मूर्तीच्या पोटावर पट्ट्याखाली अल्पाकाची नवी लोकर भरली होती. पहाटेच्या गारठ्यात ती चपटी बसली, आणि वाटेत उन्हानं फुगली. काय झालं ते तिला तिथल्या तिथं कळलं.

"वाऱ्यानं झगा फुगलाय," खालच्या गावचा कारभारी फोर्तुनातो म्हणाला.

"वारा कुठाय, मामा?" इलारियोनं विचारलं. "यंदा बर्फ पडलं नाही, पाटाला पाणी निम्मं. आणि नेमकं यंदाच पोट वाढलं. उद्या म्हणाल, आमचा थोरला, पाणी आधी आम्हाला."

"लोकर आहे. उन्हानं फुगली," निकानोरा म्हणाली.

"फुगली की फुगवली?"

पाट सुटला नाही तर खालच्या गावाची लावणीच बुडणार होती. फोर्तुनातो तिच्या कानाशी लागला. "घोंगड्याआड ने, मूठभर काढ, मिटव."

"मी काढली तर म्हणतील, पकडली म्हणून काढली. पुढच्या वर्षी पुन्हा हेच." ती पुढं झाली आणि इसाबेलला नेसवणाऱ्या म्हातारीला तिनं हाक मारली. "बासिलियाआक्का, या. तुम्हीच बघा."

एका गावच्या मूर्तीला दुसऱ्या गावचा हात लागत नाही. निकानोराच्या पोटच्या पोरींनीही मारियाला कधी नेसवलं नव्हतं.

"अगं, तुझी सासू थडग्यात उठून बसेल," फोर्तुनातो म्हणाला.

"बसू दे. मग पाण्याचं काय करायचं तेही तिलाच विचारू."

बायकांनी घोंगडी धरली, पुरुषांनी पाठ फिरवली. बासिलियानं पट्टा सोडला आणि लोकर उपसायला लागली.

"अख्खी अल्पाका कोंबलीस होय गं?"

"पिल्लूच होतं, आक्का."

"खोटारडी." म्हातारीनं पुंजके बाजूला टाकले. "हं, बांध आता."

"तुम्ही बांधा. घरातल्या थोरलीनं बांधलं की कुणाला बोलायला जागा उरत नाही."

बासिलियानं तिच्याकडे नीट पाहिलं. मग पट्टा उचलला, मारियाच्या कमरेभोवती दोन वेढे घेतले आणि गाठ मारली, वरच्या गावच्या रीतीनं, डाव्या कुशीला. निकानोराला ती गाठ अजिबात आवडली नाही. तरी तिनं झगा सारखा केला.

घोंगडी उतरली. "पहिलाच महिना आहे पोरीला," बासिलियानं साऱ्यांना ऐकवलं. "अजून उलट्यासुद्धा लागल्या नाहीत. इलारियो, वाकवा."

इसाबेल वाकली. मारिया वाकली, जरा जास्तच, कारण पुढच्या खांदेकऱ्याचा पाय घसरला. पाटकरी फावडं घेऊन वरच्या अंगाला निघाला.

उतारावर फोर्तुनातोनं विचारलं, "मग आता पुढच्या वर्षी कोण नेसवणार?"

"मीच," निकानोरा म्हणाली. "पट्टा तेवढा आक्का बांधतील. वर आल्यावर, उंबऱ्यावर, सगळ्यांसमोर."

"आणि गावानं नाही म्हटलं तर?"

"तर गावानं पाणी पाठीवर वाहून आणावं."