घट्ट आवळलेली चकती

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी चकती आहे. एका श्रीमंती थाटाच्या मोटारीच्या इंजिनात, अगदी पुढच्या टोकाला, मी अकरा वर्षे काढली.

माझे काम आधी समजून घ्या, कारण ते कोणी समजून घेतले नाही म्हणूनच सगळे बिघडले. त्या इंजिनात एकामागे एक सहा सिलिंडर होते, आणि त्यांच्याखाली एक लांबलचक पोलादी दांडा फिरत असे. सिलिंडरातल्या प्रत्येक स्फोटाने तो केसभर पिळला जाई आणि लगेच उलटा सुटे. ठरावीक वेगाला स्फोटांचा ताल दांड्याच्या स्वतःच्या तालाशी जुळे. मग झोक्याला नेमक्या वेळी ढकलावे तसा पीळ वाढत जाई. म्हणून कारागिराने मला दांड्याच्या टोकावर स्प्रिंगांनी दाबून बसवले, पण पक्के केले नाही. दांड्याने झटका दिला की मी किंचित घसरत असे आणि ती थरथर घर्षणात जिरवत असे. घसरणे हेच माझे काम.

मालकीणबाई मागच्या सीटवर विणकाम करत. एकही टाका सुटत नसे. “दिवाणखान्यात बसलेय की गाडीत, तेच कळत नाही,” असे त्या ड्रायव्हरला म्हणत. श्रेय इंजिनाला मिळे. ठीक आहे.

एकदा मिस्त्रीने पुढचे झाकण उघडले. मला दोन्ही हातांनी जोर लावून पाहिले, तर मी जरा सरकले.

“ही ढिली झालीय,” तो म्हणाला.

“अहो काका, पहिल्यापासून तशीच आहे ती,” ड्रायव्हर म्हणाला.

“तू स्टिअरिंग सांभाळ. इंजिनात ढिलं काही ठेवत नसतात.”

त्याने स्प्रिंगा पार चेपेपर्यंत नट आवळले. आता मी म्हणजे दांड्याला चिकटलेले नुसते ओझे. दुसऱ्याच दिवशी गाडी थरथरू लागली.

“तुमचा हात बिघडलाय,” मालकीणबाई ड्रायव्हरला म्हणाल्या. “शनिवारपर्यंत थरथर गेली नाही, तर दुसरा माणूस बघते.”

बिचारा पुन्हा मिस्त्रीकडे आला. “काका, ती होती तशी करा ना. माझी नोकरी जाईल.”

मिस्त्रीने पाना घेतला आणि मला आणखी अर्धा फेरा आवळले. मी आतून किती कळवळले! पण लोखंडाचे कोण ऐकतो?

शुक्रवारी, चढावर, दांडा मोडला. ड्रायव्हरने किल्ल्या मालकीणबाईंच्या टेबलावर ठेवल्या आणि कोट घेऊन तो निघून गेला. त्याला कोणी थांबवले नाही.

आता मी मिस्त्रीच्या फळीवर पडून आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो मला दाखवतो आणि सांगतो, “बघा, इतकी घट्ट बसवली होती, तरी त्या ड्रायव्हरनं दांडा मोडलाच.” हे मी रोज ऐकते.

मित्रांनो, यंत्रात काही हलताना दिसले, तर ते का हलते हे आधी विचारा. ते रोज हाताळणाऱ्या माणसालाही विचारा. पाना त्यानंतर उचला.