जाळी की लोकर

पी

“बोट लाव मामा. नुसतं बघून कळायचं नाय,” गोकुळ म्हणाला आणि गाडीच्या पोटाखालून काढलेला चेंबर त्यानं सांडूच्या पुढ्यात धरला.

चेंबर म्हणजे गिअरबॉक्सच्या बुडाची तेलाची परात. तिच्या कोपऱ्यात लोहचुंबक होतं आणि चुंबकावर काळा गाळ बसला होता, मशेरीसारखा. सांडूनं बोट बुडवलं, अंगठ्यावर घासलं, नाकाशी नेलं. जळका वास आला.

“टोचतंय का काही?”

“नाय. पीठ हाय.”

“तेच म्हणतो. टोचलं असतं तर मीच म्हणलो असतो, घाला भंगारात. पीठ हाय म्हंजी आतल्या प्लेटा झिजल्या. तुटलं नाय अजून काही.”

भागूबाई नाकाला पदर लावून उलट्या क्रेटवर बसली होती. दौलताबादच्या घाटात गाडी अडल्यापासून नवरा नीट जेवत नव्हता, म्हणून ती आज बीड बायपासच्या या गॅरेजात त्याच्या मागं आली होती. घाटात झालं ते एवढंच: इंजिन ओरडत राहिलं आणि गाडी जागची हलेना. वेरूळला निघालेली चार माणसं आत होती. ती उतरून दुसऱ्या गाडीत बसली. उतरताना एक म्हातारी सांडूला “जपून हं” म्हणाली. ते “जपून हं” तो अजून चघळत होता.

दुसऱ्या कुणाची असती तर गाडी विकली असती, दुसरी घेतली असती. पण सांडूला गुडघ्याखाली डावा पाय नव्हता, प्लास्टिकचा होता. क्लचची गाडी त्याच्या कामाची नव्हती. ही ऑटोमॅटिक, हिला क्लच नाही, डाव्या पायाला काम नाही; नुसता दांडा पी, आर, एन, डी या अक्षरांवर सरकवायचा. स्टँडवरचे ड्रायव्हर तिला बायकांची गाडी म्हणत. “सांडूभौ, आज पायाला पेट्रोल पाजलं का?” असं विचारत. सांडू हसायचा. पाजलेलं असायचं.

गोकुळनं वर्तमानपत्रावर दोन नवे फिल्टर मांडले.

“हे बघ. जुन्याशी नळी, भोकं, सगळं जुळवून आणलंय. दोन्ही बसतेत. हे जाळीचं, हे कापडी. जाळी मोठा कचरा धरती, बारीक सोडून देती. कापडी सगळंच धरतं.”

“मंग कापडीच बरं की.”

“ऐक तर. जुन्या गिअरबॉक्सची गंमत असती, मामा. ह्या प्लेटा आता गुळगुळीत झाल्या. एकमेकीला धरून हायेत त्या ह्याच पिठाच्या जोरावर. तेल नवं, फिल्टर कापडी, आतून सगळं चकाचक, तर त्या धरतील कशाला? अंघोळ घालून म्हातारं मारल्यासारखं व्हतं कधीकधी.”

“अन् कधीकधी?”

“कधीकधी वर्षंच्या वर्षं पळती. सांगता येत नाय. मी म्हणतो, जाळीचं टाकू अन् जुनंच तेल गाळून परत भरू. दिवाळीपतोर तर नेईल. घाट मात्र बंद.”

घाट बंद म्हणजे वेरूळ बंद. वेरूळ बंद म्हणजे सांडूच्या धंद्यात उरलं काय, तर स्टेशन ते लॉज.

खात्री म्हणून गोकुळनं पार्टवाल्याला फोन लावून स्पीकरवर ठेवला.

“हौ गोकुळभाई, कपडेवालाइच डालो ना,” तिकडून आवाज आला. “जालीवाला तो अब कोई पूछता बी नई.”

“ह्याला काय, इकायचंय,” गोकुळ पुटपुटला आणि फोन ठेवला.

आर

पीमधून डीत जायचं तर दांडा आरवरून न्यावाच लागतो. क्षणभर का होईना, गाडी मागं जायला तयार होते. तर मागंच जाऊ.

गाडीच्या आधी खाट होती. मुकुंदवाडीच्या गल्लीत, दारापुढं. सांडू तिच्यावर बसायचा आणि गल्ली त्याच्यासमोरून ये-जा करायची. एकदा कुणीतरी फोनवर पत्ता सांगत होतं, “खाटंवर बसलेला माणूस दिसला की डावीकडं वळ.” ते त्यानं ऐकलं. त्या दिवसापासून त्याला वाटायला लागलं की आपण उठलो तर लोक रस्ता चुकतील. भागूबाई मेसमध्ये पोळ्या लाटायला जायची आणि तिचे हात रात्री झोपेतही गोल फिरायचे. पुढं कंपनीची भरपाई मिळाली, तिच्यातून ही जुनी गाडी आली. खाट घरामागं भिंतीला उभी करून ठेवली.

खाटेच्या आधी दवाखाना होता आणि डॉक्टर सांगत होते, “गुडघ्याखालून काढावा लागेल. त्या दिवशी पंजावर भागलं असतं.”

त्याच्या आधी पंजा काळा पडत होता.

त्याच्या आधी तेच डॉक्टर म्हणत होते, “पंजा आजच काढू. उद्यावर नको.” आणि कॉटच्या पायथ्याशी उभी असलेली भागूबाई म्हणत होती, “आवो डाक्टरसाहेब, त्यांचा अंगठा हालतोय की. म्या बघितला ना आत्ता. दोन दिस थांबा.” मग तिनं सांडूकडं पाहिलं होतं. सांडूनं अंगठ्याकडं पाहिलं होतं. त्याला काही हलताना दिसलं नव्हतं.

“व्हय,” तो म्हणाला होता. “हालतोय.”

त्याच्या आधी चितेगावची कंपनी होती, माल उचलणारं यंत्र होतं आणि त्याच्या चाकाखाली एक पाय.

त्याच्याही आधी दोन पाय होते, बापाची मेंढरं होती आणि सिल्लोडकडचं माळरान होतं. तिथं मागं जायला गिअर लागत नव्हता.

दवाखान्यातली ती दोन दिवसांची गोष्ट नवरा-बायकोनं पुन्हा कधी काढली नाही. बाकी सगळ्यावर भांडणं झाली. मिठावरून झाली, जावयावरून झाली. त्यावरून नाही.

एन

न्यूट्रलमध्ये गाडी कुणाचीच नसते. जो ढकलेल त्याची.

सांडूनं कापडी फिल्टर हातात घेतला आणि त्याच्या कडेनं बोट फिरवलं. दाबून बसवलेला, जाड, थोडा खरखरीत. घोंगडीसारखा. आई चातीवर लोकर कातायची, तेव्हा तिच्या मांडीवर अशीच खरखर असायची. लोकर सगळं धरते, पाणी, धूळ, वास. धरलेलं सोडत नाही.

मग त्यानं जाळीचा उचलला. आरपार उजेड दिसला.

त्याचं मन जाळीकडं होतं. मन म्हणण्यापेक्षा पाय म्हणावं. गिअरबॉक्स बिघडला हे त्याला सगळ्यात आधी डाव्या पायानं सांगितलं होतं, जो नव्हता त्यानं. मधेच तळव्याखालून काहीतरी निसटल्यासारखं व्हायचं, मग घटकेनं इंजिन ओरडायचं. तोच पाय आता सांगत होता, छेडू नको. आहे तसं राहू दे. घाट गेला तर गेला.

तो गोकुळला ‘जाळी’ म्हणायला तोंड उघडणार तोच भागूबाई म्हणाली, “नवंच घाला सगळं.”

“मामी, तुम्हाला ह्यातलं—”

“मला नसंल कळत.” तिनं नाकावरचा पदर खाली घेतला होता. ती गोकुळशी बोलत होती, पण बघत होती नवऱ्याकडं. “थांबून काय व्हतं ते मला मालूम हाय. मागं म्याच म्हणले हुते थांबा म्हणून.”

गोकुळला काही समजलं नाही. त्यानं हात पुसायला फडकं घेतलं.

सांडूला समजलं. इतक्या वर्षांनी तिनं ते गाठोडं सोडून गॅरेजच्या तेलकट फरशीवर ठेवलं होतं. आता आपण ‘जाळी’ म्हणालो, तर ते फिल्टरबद्दलचं बोलणं राहणार नाही. थांबू या, तू म्हणाली होतीस तसंच थांबू या, असं तिला परत ऐकावं लागेल. आणि पंजाच्या जागी गुडघ्याखालचा सगळा पाय गेल्याचा हिशेब इथंच निघेल, क्रेटवर, परक्या पोरासमोर.

“लोकरीचं घाल,” तो म्हणाला.

“ईचार कर, मामा. एकदा तेल सांडलं की सांडलं. नावातच हाय तुझ्या.” गोकुळ आपल्याच विनोदावर हसला.

“घाल म्हणलं ना.”

डी

गाडी लोण्यासारखी निघाली. घरी न जाता थेट घाटातच तिची परीक्षा घ्यायची ठरली होती.

भागूबाई पुढच्या सीटवर बसली होती. या गाडीत ती पुढं कधी बसली नव्हती. ती जागा गिऱ्हाइकाची. तिनं आधी पट्टा उलटा ओढला, मग वाऱ्याची जाळी स्वतःकडं फिरवली.

“गार गार लागतंय वो.”

“मंग? लोक काय उगी बसतेत व्हय हिच्यात?”

क्रांती चौकात गर्दी होती. गाडी थांबत, सरकत होती आणि दर खेपेला सांडूचा डावा गुडघा खाली दाबला जाऊन वर येत होता.

“काय टुकटुक चाललंय पायाचं?”

“खोड हाय जुनी. क्लच दाबतो.”

“हिला कुठं हाय क्लच?”

“मला तरी कुठं हाय पाय?”

भागूबाई तोंडावर पदर घेऊन हसली. हसू आवरेना, तशी खिडकीकडं वळली. सांडू तिच्या खांद्याकडं बघत राहिला आणि मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला.

छावणी मागं पडली. रस्ता मोकळा झाला. गिअर कधी बदलत होता कळतही नव्हतं. कळत नव्हतं हेच सांडूला खटकत होतं. भागूबाईनं घृष्णेश्वराला नारळ बोलून टाकला. श्रावणात पाव्हण्यांना पहाटंच काढायचं, मी डबे करून देते, गिऱ्हाइकाला घरचं आवडतं, असं सगळं तिनं ठरवूनही टाकलं. दौलताबादचा किल्ला डोक्यावर आला, मागं गेला.

घाट लागला. पहिलं वळण गाडीनं असं घेतलं की भागूबाई म्हणाली, “बघा!”

दुसऱ्या वळणावर सांडूच्या तळव्याखालून काहीतरी निसटलं.

त्यानं पाय उचलला नाही, उलट जास्त दाबला, उजवा, खरा. इंजिन वर चढत गेलं. काटा चढत गेला. गाडी मात्र हळू होत गेली, मग थांबली, मग मागं सरकायला लागली. त्यानं ब्रेक धरला.

“काय झालं?”

“काही नाय.”

त्यानं दांडा खाली ओढला, वर नेला, पुन्हा डीत टाकला. नुसती घरघर झाली. पुन्हा टाकला.

“आवो.”

“उतर,” तो म्हणाला. “चाकामागं दगड लाव.”

एन

भागूबाईनं पदर खोचला आणि कडेचा एक दगड उचलून मागच्या चाकाला लावला. पायानं दाबून पाहिला. सांडूनं दांडा एनवर आणला आणि ब्रेक हळूच सोडला. गाडी दगडावर टेकली.

त्यानं फोन लावला. या खेपेला स्पीकरवर ठेवला नाही. गोकुळ तिकडून ‘मी म्हणलोच हुतो’पासून सुरू झाला आणि बराच वेळ बोलला. सांडू “बरं” म्हणाला, आणि “टोचन घेऊन ये” म्हणाला. ओढून न्यायची तर दांडा एनमध्येच हवा होता. तो तिथं होताच.

भागूबाई त्याच्या खिडकीशी येऊन उभी होती.

“काय म्हणला?”

“म्हणला, तेल नवं हुतं म्हणून एवढी तरी चढली. जुन्यात तर नाक्यालाच बसली असती.”

एक बस जवळून गेली, तिच्या वाऱ्यानं भागूबाईचा पदर उडाला, तो तिनं धरला.

“तवा बी तुम्ही व्हयच म्हणले हुते,” ती म्हणाली.

सांडूनं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. खाली दरीकडं माकडं कठड्यावर बसली होती, गाडीतून काही मिळेल म्हणून.

“खाटंची नवार बदलून घ्यावी लागंल,” तो म्हणाला. “सडली असंल ती.”



खालून मालानं भरलेला एक ट्रक घाट चढत आला. वळणावर त्याचा दम उखडला. ड्रायव्हरनं क्लच दाबला, करकर करत खालचा गिअर टाकला आणि ट्रक पुन्हा नेटानं ओढू लागला. त्या करकरीसरशी सांडूचा डावा गुडघा खाली गेला, जरा थांबला, सावकाश वर आला. प्लास्टिकच्या पायातला बूट चटईवरून उचलला गेला आणि परत टेकला.

भागूबाईनं खिडकीतून वाकून पाहिलं.

“हालतोय,” ती म्हणाली.

सांडूनंही खाली पाहिलं. ट्रक वरच्या वळणाला पोचला होता. तिथंही गिअर पडला. गुडघा पुन्हा दाबला गेला.

“व्हय,” तो म्हणाला.

ती सरळ झाली. मग दुसऱ्या चाकासाठी दगड बघायला मागं गेली.