मतदानाच्या रविवारची सहल

इद्दा मान्झर रोपवेच्या तिकीट खिडकीवर बसायची, त्याला बावीस वर्षं झाली होती. गर्दी असली तरी तीच डब्यात चढायची, दार लावायची, घंटा द्यायची आणि माणसांना वर घेऊन जायची. जर्मनीहून बसगाड्या भरून आलेले म्हातारे, हॉलंडचे नवपरिणीत, पाद्र्यांचे जथे, शाळांच्या सहली, सगळ्यांना तिनं डोंगर दाखवला होता. गावातल्या बायकांना मात्र तो कधी दाखवला नव्हता. गावच्या बायकांना डोंगर बघायला वेळ कुठला!

म्हणून शनिवारी संध्याकाळी खिडकी बंद करता करता ती व्यवस्थापक एमिल नेफला म्हणाली, "उद्या सकाळी नऊला एक फेरी आहे. महिला मंडळाची सहल. तीसेक जणी आहोत."

नेफ हसला. "उद्या? डोकं ठिकाणावर आहे ना? उद्या सभा आहे."

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी परगण्यातले सगळे पुरुष काळे कोट घालून, कमरेला तलवारी लावून मोठ्या चौकात जमायचे आणि हात वर करून परगण्याचा कारभार ठरवायचे. त्या सकाळी रोपवे बंद असायचा. बायका घरी मटण शिजत ठेवून खिडकीतून मिरवणूक बघायच्या. बाकी साऱ्या देशात बायकांना मत मिळून वीसेक वर्षं झाली होती; इथं अजून नव्हतं. आणि यंदा सभेपुढे तोच प्रश्न होता: बायकांना चौकात येऊ द्यायचं की नाही.

"सभा तुमची आहे," इद्दा म्हणाली. "आम्हाला कुणी बोलावलंय?"

"रोपवे चालवणार कोण? सगळी माणसं चौकात असतील."

"दानिलो नसेल."

दानिलो हा यंत्रचालक. वरच्या स्थानकातच त्याची खोली होती. तो इटलीतून आलेला, त्याचे केस इथंच पिकले. पण मत त्यालाही नव्हतं. इद्दानं त्याला आधीच फोन करून विचारलं होतं. तो म्हणाला होता, "रविवारी सगळे वाद घालायला जातात आणि मी एकटा पत्ते खेळत बसतो. या तुम्ही. येताना केक आणा."

रविवारी सकाळी बायका आल्या त्या सणाच्या कपड्यांत, हातात टोपल्या घेऊन. बाबेट आजी आली होती, ऐंशीच्या पुढची. तिच्या गोठ्यावरूनच रोपवेची तार जायची, पण ती कधी डब्यात बसली नव्हती. रोझमारी आली होती, सहा महिन्यांचं बाळ नवऱ्याच्या हवाली करून, आणि म्हणून दर दोन मिनिटांनी मागं वळून बघत होती. आणि सगळ्यांच्या मागून, जाड कातडी पर्स छातीशी धरून, नेफची बायको ओटिलिया आली. तिला बघून कुजबुज थांबली.

"मला मतबित नको आहे हं," ओटिलियानं आधीच सांगून टाकलं. "मी सहलीला आले आहे. पंचवीस वर्षं रोपवेवाल्याची बायको आहे, वर गेले ती फक्त उद्घाटनाला."

तेवढ्यात नेफ आला. काळा कोट, तलवार, तोंड लाल. त्यानं दारात उभं राहून हात पसरले. "इद्दा, मी शेवटचं सांगतो. हा डबा सुटणार नाही."

"मग तिकिटं घेतलेल्या तीस जणींना तुम्हीच सांगा ते."

नेफनं बायकांकडे बघितलं. मग त्याला त्यांच्यात स्वतःची बायको दिसली.

"ओटिलिया! तू इथं काय करतेस? मटण?"

"कच्चं आहे," ओटिलिया म्हणाली. "बाजूला हो, एमिल. तलवार लागेल कुणाला तरी."

रोझमारी फिस्सकन हसली आणि मग सगळ्याच हसल्या. चौकातल्या चर्चची घंटा वाजायला लागली. उशीर झाला तर सभेत मान खाली घालून शिरावं लागतं, हे नेफला ठाऊक होतं. "तुझी नोकरी गेली असं समज," एवढं बोलून तो तरातरा निघून गेला. इद्दानं दार लावलं आणि घंटा दिली.

डबा उचलला गेला तशी बाबेट आजीनं डोळे मिटून इद्दाचा दंड धरला. "सांग मला, काय दिसतंय?"

"तुझा गोठा. तुझी तपकिरी गाय वर बघतेय."

"ती लबाड आहे. कुंपण ओलांडायचं बघत असणार." आजीनं एक डोळा उघडला, मग दुसरा. त्यानंतर तिनं ते मिटलेच नाहीत.

डबा चढत गेला तसं डाव्या अंगाला अख्खं गाव उघडं पडलं. चौक काळ्या कोटांतल्या माणसांनी गच्च भरला होता. इतक्या उंचावरून कोण कुणाचा नवरा, कोण कुणाचा भाऊ, काही कळत नव्हतं. बायका डाव्या काचेला टेकल्या आणि डबा किंचित कलला.

"थोड्या जणी उजवीकडे या गं," इद्दा म्हणाली. कुणी हललं नाही.

"माझा अल्बिन त्यात आहे," ती हळूच म्हणाली. अल्बिन तिचा नवरा. सुतारकाम करायचा, कमी बोलायचा. काल रात्रीच्या जेवणाला तो आपणहून म्हणाला होता, "मी तुमच्या बाजूनं हात वर करणार आहे." तीस वर्षांच्या संसारात त्यानं इतकं मोठं वाक्य क्वचितच उच्चारलं असेल. आज तिला इतका जोर कुठून आला होता, तर त्या वाक्यातून.

वर अजून बर्फ होतं, पण ऊन कडक होतं. दानिलोनं उपाहारगृहाची बाकं झाडून, पुसून स्थानकासमोर मांडून ठेवली होती. टोपल्या उघडल्या. चीजचे तुकडे, मधाच्या भाकऱ्या, वाळवलेल्या मांसाच्या चकत्या, आणि दानिलोसाठी अक्रोडांचा केक. बाबेट आजीनं बुटांतून पाय काढून ते उन्हात पसरले आणि अख्ख्या डोंगररांगेकडे, जणू कुणी आपल्यापासून लपवून ठेवलेली वस्तू सापडावी तसं, रागानं बघत राहिली. "हे सगळं इथं होतं," ती म्हणाली. "इतकी वर्षं. आणि मी खाली शेण काढत होते."

अकराच्या सुमाराला स्थानकातला फोन वाजला. इद्दानं उचलला. खालच्या स्थानकातून नेफ बोलत होता, आणि त्याच्या आवाजावरूनच तिला कळलं.

"नाही म्हणाले," तो म्हणाला. "मोजावंसुद्धा लागलं नाही. झालं समाधान? आता डबा खाली आणा. माणसं घरी चाललीत, जेवायची वेळ झालीये."

इद्दानं बाहेर येऊन सांगितलं. कुणी ओरडलं नाही. एकीनं चीजचा तुकडा परत कागदात गुंडाळला. रोझमारी रडायला लागली आणि रडताना स्वतःवरच चिडली. ओटिलिया मात्र ताठ बसून होती. "मला मत नकोच होतं," ती पुन्हा म्हणाली, पण या वेळी आवाज वेगळा होता. "पण मोजावंसुद्धा लागलं नाही म्हणजे काय? आम्ही काय माणसंच नाही?"

फोन पुन्हा वाजला. इद्दाला वाटलं नेफ असेल, पण अल्बिन होता.

"इद्दा," तो म्हणाला.

"हात वर केलास?"

"केला."

"कुठपर्यंत?"

मग तो म्हणाला, "कोपरापर्यंत. शेजारी फ्रान्झ उभा होता, पलीकडे तुझा भाऊ. सगळे बघत होते, इद्दा."

तिला काहीतरी जहरी बोलायचं होतं. ते आलंच नाही. "चुलीपाशी बटाटे आहेत," ती म्हणाली. "उकडून घे." आणि तिनं फोन ठेवला.

बाहेर येऊन ती बाकावर उभी राहिली. आपण काय बोलणार हे तिचं तिलाही माहीत नव्हतं. "खाली नेफ घंटेची वाट बघतोय," ती म्हणाली. "डबा माझ्या घंटेशिवाय हलत नाही. मला आत्ता घंटा द्यायची नाहीये. ज्यांना खाली जायचंय त्यांनी सांगा. एकीनं जरी सांगितलं तरी मी देईन, आणि मनात काही ठेवणार नाही."

सगळ्यांनी रोझमारीकडे बघितलं. ती उठली, आत गेली आणि नवऱ्याला फोन लावला. दार उघडंच होतं, त्यामुळं सगळं ऐकू आलं.

"रडतोय? मग उचलून घे. नाही, तसा नाही, खांद्यावर. दूध फ्रीजमध्ये खालच्या फळीवर... कोमट कर. मनगटावर थेंब टाकून बघ... मला काय माहीत कधी येईन! तू काय केलंस चौकात?... हं. हं. मग उचलून फिरत राहा त्याला." ती बाहेर आली. डोळे पुसले. "मी थांबते," ती म्हणाली. "केक आहे का अजून?"

यानंतर फोन सारखा वाजत राहिला. नेफ खालच्या डब्यात शिरून बसला होता. एक डबा वरून सुटल्याशिवाय दुसरा खालून निघत नाही, हे विसरून तो डब्यातल्या फोनवरून दानिलोला हुकूम सोडत होता. दानिलो शांतपणे म्हणायचा, "घंटा झाली की सोडतो, साहेब. नियम तुमचेच आहेत." शेवटी ओटिलियानं त्याच्या हातातून फोन घेतला.

"एमिल, आम्ही जेवतोय. ओरडू नकोस, बीपी वाढेल." पलीकडून काही ऐकून ती म्हणाली, "भूक लागली असेल तर त्या सगळ्या बहुमतवाल्यांना विचार, कुणाच्या घरी काय शिजलंय!"

दुपारभर त्या वर बसल्या. गाणी झाली, भांडणंही झाली. दोघी जणी नवऱ्यांची बाजू घेऊन उठल्या आणि बर्फात फेऱ्या मारून परत आल्या. बाबेट आजी उन्हात झोपून गेली. सावल्या लांबल्या, गार वारा सुटला आणि इद्दा म्हणाली, "आता आपल्याला जायचंय. त्यांच्यासाठी नाही. थंडी वाजतेय म्हणून." तिनं घंटा दिली.

खाली स्थानकाबाहेर पुरुष उभे होते. काहींच्या कमरेला अजून तलवारी होत्या. कुणी हसलं नाही, कुणी शिवी दिली नाही. बायका त्यांच्यामधून टोपल्या घेऊन गेल्या आणि वाट देण्यासाठी पुरुषांना मागं सरावं लागलं. नेफनं हात पुढं केला. इद्दानं खिडकीची किल्ली त्याच्या तळव्यावर ठेवली.

घरी अल्बिननं बटाटे उकडले होते. आतून कच्चेच राहिले होते. इद्दानं दोन खाल्ले. तो समोर बसून होता, जेवला नव्हता.

"मला बोल काहीतरी," तो म्हणाला.

"मी तुला सोडून जाणार नाही," ती म्हणाली. "पण आज मला तुझी समजूतही काढायला लावू नकोस."

सोमवारी स्टुटगार्टहून दोन बसगाड्या आल्या. नेफ स्वतः खिडकीवर बसला आणि अर्ध्या तासात रांग रस्त्यापर्यंत गेली. त्यानं बायकोला बसायला सांगितलं. ओटिलिया म्हणाली, "विचारलंस हे बरं केलंस. नाही." गावातल्या कुणीच हो म्हटलं नाही. वरून दानिलोनं कळवलं की परवानाधारक सोबती डब्यात नसेल तर तो यंत्राला हात लावणार नाही; आणि तो परवाना गावात एकट्या इद्दाकडे होता. बुधवारी पावसात भिजलेले डच पर्यटक आरडाओरडा करायला लागले, तेव्हा नेफ छत्री न घेताच इद्दाच्या दाराशी येऊन उभा राहिला.

"ये परत," तो म्हणाला.

"एका अटीवर. दर वर्षी सभेच्या रविवारी सकाळची पहिली फेरी बायकांची. वेळापत्रकात छापून."

"माझी थट्टा करतील गावात."

"करू देत. आमची तर गेली कित्येक शतकं चाललीये."

नेफच्या नाकावरून पाणी गळत होतं. त्यानं किल्ली पुढं केली. इद्दानं ती लगेच घेतली नाही. आधी वेळापत्रक छापून आणायला लावलं, आणि ते शुक्रवारी खिडकीवर चिकटवल्यावरच ती आत बसली.

त्या फेरीचा उपयोग मात्र कधी झाला नाही. काही बायकांनी देशाच्या मोठ्या न्यायालयात दाद मागितली आणि हिवाळा लागायच्या आत निकाल लागला: चौक बायकांचाही आहे. पुढच्या एप्रिलमध्ये, सभेच्या रविवारी, पहिला डबा छापील वेळेवर उभा राहिला, दार उघडं, रिकामा. दानिलोनं वरून फोन करून विचारलं, कुणी आहे का? खिडकीत कुणीच नव्हतं उत्तर द्यायला. इद्दा कोट घालून केव्हाच चौकाकडे निघाली होती, आणि तिच्या दंडाला धरून बाबेट आजी चालत होती, वाटेतल्या पुरुषांना कोपरानं बाजूला सारत.