खराडीचं डाळिंब

उम्मेहानीनं पानावरच्या तेलकट डागाच्या कडेला ब्लेड लावलं, तांदळाएवढा तुकडा काढला आणि काचपट्टीवरच्या पाण्याच्या थेंबात सोडला. सूक्ष्मदर्शकात आधी काहीच दिसलं नाही. मग तुकड्याच्या कापलेल्या कडेतून धूर निघावा तसे जीवाणू पाण्यात उतरू लागले. तिनं मान वर केली, खिडकीबाहेर पाहिलं आणि पुन्हा डोळा लावला. धूर होताच.

तेल्या. डाळिंबाच्या बागाच्या बागा उद्ध्वस्त करणारा हा रोग तिला नवा नव्हता. तिचं घराणं बागवानांचं, पिढ्यान्‌पिढ्या फळं विकणारं. "आम्ही सगळे फळं विकतो, ही एकटीच फळांना नावं ठेवते," असं अब्बा गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगत. पण आज नमुन्याच्या पाकिटावर जातीचं नाव होतं 'मंदाकिनी'. तेल्याला दाद न देणारी म्हणून नावाजलेली जात. गद्रे सरांनी उमेदीची सगळी वर्षं घालून ती तयार केली होती आणि तिला बायकोचं नाव दिलं होतं. उम्मेहानीला हातात ब्लेड धरायला शिकवलं तेही सरांनीच. महिन्याभरानं, एका रविवारी त्यांच्या पंच्याहत्तरीचा सत्कार होता आणि विद्यार्थ्यांच्या वतीनं भाषण तिनंच करायचं होतं. त्यानंतर लगेच या जातीची रोपं नव्या जिल्ह्यांत लागवडीला जाणार होती.

"मॅडम, पाठवणारा बघा," तिचा सहायक शुभंकर म्हणाला. "रणजित, खराडी. खराडीत हल्ली फक्त कंपन्या पिकतात. आणि पानं तर इस्त्री करून पाठवल्यासारखी."

ते खरंच होतं. लोक ओल्या प्लास्टिकच्या पिशवीत काहीतरी कोंबून आणत, ते प्रयोगशाळेत पोचेपर्यंत सडलेलं असे. इथे कोरड्या वर्तमानपत्राच्या घड्यांत ताजी पानं होती, डागाभोवतीच्या निरोगी भागासकट. तुलनेसाठी एक धडधाकट पान वेगळं बांधलेलं.

"शिकलेला दिसतोय कुणीतरी," ती म्हणाली, आणि विषय तिथेच राहिला.

तिनं तो जीवाणू वेगळा वाढवून त्याच जातीच्या निरोगी रोपांवर टोचला. दोन आठवड्यांत पानांवर तेच डाग उठले. पळवाट उरली नाही. विभागप्रमुखांनी अहवाल वाचला आणि पालथा घालून ठेवला. तेही सरांचेच विद्यार्थी.

"सत्काराचा रविवार होऊ दे. मग बघू. या वयात कशाला त्यांना."

तिलाही तेच हवं होतं, आणि म्हणूनच स्वतःचा राग आला. हे पोटात ठेवून सरांच्या गळ्यात हार घालणं तिला जमणारं नव्हतं. सत्काराच्या आदल्या शुक्रवारी संध्याकाळी ती नारायण पेठेत सरांच्या दारात उभी राहिली. दार मंदाकिनीकाकूंनी उघडलं.

"ये. भाषण वाचून दाखवायला आली असशील तर चहा अर्धा कप मिळेल."

सर खिडकीशी बसले होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, तिच्या पिशवीकडे पाहिलं, आणि खुर्ची दाखवली. इकडचं तिकडचं बोलणं तिला कधीच जमलं नव्हतं.

"सर, मंदाकिनीवर तेल्या आलाय."

आत स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला.

"कापून पाहिलंस?"

"हो. धूर निघाला."

"टोचून?"

"डाग आले. त्यातून पुन्हा वेगळा केला. तोच आहे."

सरांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसत राहिले. लहानपणी अब्बांच्या हातून फळांची पाटी रस्त्यात पालथी झाली होती, ते उम्मेहानीला आठवलं.

"ठामपणे लिहिलंयस?"

"हो सर."

काकू चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या. कप पूर्ण भरलेला होता.

"सांगितलंस ना? बरं झालं. माझ्या भाच्याला, रणजितला, यांचे रोज खराडीला फोन. काही आलं का, काही आलं का. तो बिचारा कॉम्प्युटरवाला, त्याला डाळिंब सोलतासुद्धा येत नाही."

उम्मेहानीचा हात कपावरच राहिला. वर्तमानपत्राच्या त्या घड्या आता तिला ओळखू आल्या. अशाच घड्या घालायला तीही शिकली होती, याच माणसाकडून, दोनदा बोलणी खाऊन.

"माझं नाव असतं तर कुणी खरं लिहिलं नसतं," सर म्हणाले. "तसंही, जातीचं नाव वाचूनच लोक कचरले. तुझ्याआधी आणखी दोघांकडे नमुना पाठवला होता. एकानं लिहिलं, बोरॉनची कमतरता. दुसऱ्यानं लिहिलं, नमुना वाटेत खराब झाला." त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "माझा नमुना. वाटेत."

"पण तुम्हाला बघताक्षणीच कळलं असेल ना, सर?"

"आपल्या झाडाचं निदान आपण करू नये. डोळा सवलत देतो."

ते उठले आणि गॅलरीचं दार उघडलं. अर्ध्या कापलेल्या ड्रममध्ये डाळिंबाचं जुनं झाड होतं, मनगटाएवढ्या खोडाचं. या जातीचं पहिलं झाड. सगळी कलमं यावरून सुरू झाली होती. एका बाजूच्या फांदीवर डाग होते. बाकी झाड हिरवंगार. सरांनी कोपऱ्यातली करवत उचलली, पातं स्पिरिटनं पुसलं आणि तिच्या हातात दिली.

"शेकडो लोकांना उपटायला लावली झाडं. माझा हात उचलत नाही."

तिनं डाग असलेल्या फांदीला, डागांच्या वीतभर खाली, करवत टेकवली. बाकीचं झाड वाचेल, असं तिनं मनाशी ठरवूनही टाकलं.

"खाली," सर म्हणाले.

तिनं पातं फांदीच्या मुळाशी नेलं.

"अजून खाली."

"सर, इथे निरोगी आहे."

"लोकांना काय सांगतेस तू? अजून खाली."

करवत खोडावरून सरकत सरकत मातीला लागली. तेव्हा सर आत वळले आणि खुर्चीत पाठमोरे बसले.

उम्मेहानी तशीच थांबली. मंदाकिनीकाकूंनी पदर खोचला, खाली बसून ड्रम दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि म्हणाल्या,

"काप. हलणार नाही आता."